मुखवट्याला चेहरा : एका पूर्वपटाच्या निमित्ताने

१

‘डेथ रेस २’ या शीर्षकातील आकडा फसवा आहे. २०१० च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आणि जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेत, चित्रगृहांना वळसा घालून थेट डीव्हीडीवर आलेल्या या चित्रपटातील घटना २००८ च्या ‘डेथ रेस’च्या आधी घडतात. कथाकाळाच्या हिशेबाने तो पहिला, विक्रीच्या हिशेबाने दुसरा. या दोन हिशेबांपैकी वेष्टनावर कोणता छापला गेला, एवढे पाहिले तरी या प्रकारच्या निर्मितीविषयी बरेच काही कळते. इंग्रजीत ज्याला ‘प्रीक्वेल’ म्हणतात, त्यासाठी मराठीत सर्वमान्य संज्ञा रूढ झालेली नाही; ‘पूर्वपट’ हा शब्द कामापुरता चालू शकेल. पूर्वपट जन्माला येतो नंतर, आणि दावा करतो आधी असल्याचा. मूळ कलाकृतीचा आपण उगम आहोत, हे त्याचे म्हणणे असते. प्रत्यक्षात मूळ कलाकृतीच्या खपाचा तो परिणाम असतो. कार्य कारणाची वस्त्रे नेसून उभे राहते, असा हा प्रकार आहे.

अशा पूर्वपटासमोर बसलेला चाहता ही येथे विचारार्थ घ्यायची व्यक्ती होय. २००८ चा ‘डेथ रेस’ त्याने अनेकदा पाहिलेला आहे. त्यातील वाहनांची नावे, शर्यतीचे टप्पे, कैद्यांचे टोपणशब्द त्याला पाठ आहेत. पूर्वपट तो उत्सुकतेने लावतो आणि संपल्यावर त्याला नेमके काय वाटले हे सांगू शकत नाही. ल्यूक गॉसचा संयत अभिनय त्याला आवडलेला असतो. रॉबिन शूचा ‘फोर्टीन-के’ आणि फ्रेडरिक कोलरचा ‘लिस्ट्स’ ही जुन्या पटातील माणसे पुन्हा भेटल्याचा आनंद असतो. शॉन बीन आणि डॅनी ट्रेहो यांच्यासारखे नट पुरेसे वापरले गेले नाहीत याची चुटपुट असते. आणि या सर्वांखाली एक तक्रार असते, जिला त्याच्यापाशी शब्द नसतो : फ्रँकेन्स्टाइनला नाव द्यायला नको होते. चित्रपट बरा आहे, आणि तो व्हायला नको होता, ही दोन्ही विधाने त्याला एकाच वेळी खरी वाटतात. त्याची ही अवस्था गोंधळाची समजली जाते. वास्तविक ती त्या चित्रपटाविषयीची आजवरची सर्वांत अचूक समीक्षा आहे. प्रस्थापित समीक्षेच्या तिन्ही छावण्यांना ती ऐकू येत नाही, हा चाहत्याचा दोष नव्हे.

२

पहिली छावणी अभिजनांची. आदोर्नो आणि होर्कहायमर यांनी ‘प्रबोधनाचे द्वंद्व’ या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संस्कृति-उद्योगाची जी मीमांसा केली, तिचा आधार या छावणीला पुरतो. थेट व्हिडिओसाठी काढलेला, एका पुनर्निर्मितीचा पूर्वपट म्हणजे नकलेची नक्कल; तिच्याविषयी वेगळे बोलायचे काय? या निकालाची सोय अशी की तो देण्यासाठी चित्रपट पाहावा लागत नाही. पण न पाहता देता येणारा निकाल हा निकाल नसतो, पूर्वग्रहाचा पुनरुच्चार असतो. मराठी समीक्षेला ही सवय परिचित आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर जाते, हे तिने आश्चर्याने नोंदवले. त्या हजारांतील कोणत्याही दोन कथांमध्ये फरक काय, हे नोंदवण्याची गरज मात्र तिला क्वचितच भासली. आदोर्नोवर येथे अन्यायच होतो. ज्या वस्तूवर तो टीका करी, तिच्या रचनेत तो शिरत असे; त्याचे नाव घेणारे बहुधा दारातूनच परततात.

दुसरी छावणी हिशेबनिसांची. ही चाहत्यांतूनच निघालेली असते. मूळ पटात न सांगितलेले प्रत्येक कारण सांगितले गेले की या छावणीचे समाधान होते. मुखवटा कुठून आला? शर्यत कोणाच्या डोक्यातून निघाली? चालकाशेजारी स्त्री-कैदी दिशादर्शक म्हणून केव्हापासून बसू लागली? प्रश्नांची यादी करायची, उत्तरांपुढे खुणा करायच्या, आणि जमाखर्च जुळला म्हणून आनंद मानायचा. कलाकृती म्हणजे माहितीचा संच, अशी या छावणीची न उच्चारलेली व्याख्या आहे.

तिसरी छावणी सांस्कृतिक अभ्यासाची. हेन्री जेन्किन्सच्या १९९२ मधील ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या ग्रंथाने चाहत्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. मिशेल द सर्तोच्या रूपकाचा आधार घेऊन जेन्किन्सने चाहता हा दुसऱ्याच्या रानात शिकार करणारा, हाती आलेल्या सामग्रीतून स्वतःचे अर्थ रचणारा वाचक असल्याचे दाखवले. हे कार्य मोलाचे होते. परंतु त्याच्या अनुयायांनी चाहत्याच्या निर्मितीचा इतका गौरव केला की त्याचा नकार त्यांच्या नजरेतून सुटला. चाहता काय घडवतो, हे त्यांना दिसते. तो काय स्वीकारू शकत नाही, हे दिसत नाही. या दृष्टीत प्रत्येक पूर्वपट म्हणजे चाहत्याला मिळालेले आणखी एक रान. त्याला हे रान नकोच असेल, ही शक्यता त्यांच्या सिद्धान्तात बसत नाही.

पहिल्या छावणीला चाहत्याची आवड कळत नाही, दुसरीला त्याची नाराजी कळत नाही, आणि तिसरीला दोन्ही कळत असूनही त्यांच्यातला विरोध कळत नाही. हा विरोध समजून घ्यायचा तर ‘डेथ रेस’च्या मुखवट्याकडे जावे लागते.

३

इब मेल्कियोर यांच्या १९५६ मधील ‘द रेसर’ या कथेवरून रॉजर कॉर्मन यांनी १९७५ साली ‘डेथ रेस २०००’ हा चित्रपट निर्माण केला. दिग्दर्शन पॉल बार्टेल यांचे होते. हुकूमशाहीखालच्या अमेरिकेत, सन २००० मध्ये, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मोटारींची शर्यत होते, आणि वाटेत पादचाऱ्यांना चिरडल्याबद्दल गुण मिळतात. या शर्यतीचा नायक फ्रँकेन्स्टाइन. अनेक अपघातांतून वाचलेला आणि तुकड्यांनी पुन्हा जोडलेला, अशी त्याची ख्याती असते. डेव्हिड कॅरॅडाइनने रंगवलेला हा पुरुष मुखवटा काढतो तेव्हा खालचा चेहरा धडधाकट निघतो. तो एकमेव फ्रँकेन्स्टाइनही नसतो. आधीचे निकामी झाले, याला राज्यसंस्थेने त्याच कामासाठी वाढवले. जखमांची दंतकथा ही राज्यसंस्थेची निर्मिती असते. शेवटी हाच माणूस राष्ट्राध्यक्षाचा अंत करून स्वतः त्या जागी बसतो. म्हणजे सत्तेचे आसन हाही एक मुखवटाच ठरतो, कोणीही घालावा असा.

२००८ मध्ये पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांनी ही कल्पना खाजगी तुरुंगात आणून ठेवली. अर्थव्यवस्था कोसळली आहे, तुरुंग नफ्यासाठी चालवले जात आहेत, आणि टर्मिनल आयलंड या बेटावरील कैद्यांची जीवघेणी शर्यत पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांना थेट दाखवली जाते. पाच शर्यती जिंकणाऱ्यास मुक्ती, असा नियम आहे. चित्रपटाच्या आरंभी चार शर्यती जिंकलेला फ्रँकेन्स्टाइन अखेरच्या विजयापर्यंत पोचण्याआधीच जायबंदी होतो आणि मरतो. मुखवट्याआडून येणारा त्याचा आवाज कॅरॅडाइनचा आहे. १९७५ चे शरीर २००८ मध्ये केवळ आवाज होऊन उरते, आणि तोही थांबतो. तुरुंगाची अधिकारी हेनेसी (जोन ॲलन) हा मृत्यू लपवते. प्रेक्षकांना फ्रँकेन्स्टाइन हवा आहे, तेव्हा तो मरून चालणार नाही. पत्नीच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली आणलेल्या जेन्सन एम्सला (जेसन स्टेथम) तो मुखवटा चढवला जातो. पुढे कळते की तो खूनही चालक मिळवण्यासाठीच घडवून आणलेला होता.

दोन्ही चित्रपटांचा आशय या मुखवट्यात साठवलेला आहे. त्याच्या आत कोण, या प्रश्नाला उत्तर नाही. कारण आत कोणीही असले तरी चालते, हेच त्या व्यवस्थेचे भीषण सत्य आहे. येथे वोल्फगांग इझर यांची संज्ञा आठवणे स्वाभाविक आहे. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो आणि त्या भरण्यातून अर्थ सिद्ध होतो, हे त्यांचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. परंतु प्रत्येक रिक्तता ही रिकामी जागा नसते. काही ठिकाणी सांगायचे राहून गेलेले असते. काही ठिकाणी सांगण्यासारखे काही नाही हेच सांगायचे असते. पहिलीला रिकामी जागा म्हणावे, दुसरीला पोकळी. ढोलाच्या आतली पोकळी कोणी भरून काढली तर ढोल जड होईल, वाजणार नाही. फ्रँकेन्स्टाइनचा मुखवटा ही अशी पोकळी होती. पूर्वपटाने तिला रिकामी जागा समजून भरले.

४

दिग्दर्शक रूल रेने यांच्या पूर्वपटात मुखवट्याआडचा माणूस कार्ल लुकस या नावाचा असतो. मार्कस केन (शॉन बीन) या गुन्हेगाराच्या टोळीचा तो वाहनचालक. बँकेवरचा दरोडा फसतो, लुकसच्या हातून एका पोलिसाचा जीव जातो, तो पकडला जातो. धन्याचे नाव सांगितले तर सूट मिळेल, हे सांगूनही तो तोंड उघडत नाही. टर्मिनल आयलंडवर पोचल्यावर तोच धनी, हा उद्या बोलेल या भीतीने, त्याच्या मृत्यूवर इनाम लावतो. शर्यतीत लुकसचे वाहन उद्ध्वस्त होते, तो भाजतो, जगासाठी मरतो, आणि विद्रूप चेहऱ्यावर मुखवटा चढवून फ्रँकेन्स्टाइन म्हणून परत आणला जातो.

कथा म्हणून यात अपुरे काही नाही. निष्ठा आणि विश्वासघात यांचे सूत्र नेटके आहे, गॉसने ते कमी शब्दांत पेलले आहे. ‘ब्लेड २’ (२००२) आणि ‘हेलबॉय २’ (२००८) या चित्रपटांत दाट रंगभूषेखालून अभिनय करणारा हा नट येथे बहुतेक काळ स्वतःच्या चेहऱ्याने वावरतो, आणि नेमका त्या चेहऱ्याच्या नाशाकडे कथा त्याला नेते, ही योजना नकळत साधली असली तरी परिणामकारक आहे. चाहत्याला हे सर्व आवडते. आणि हे आवडताना काय गमावले जात आहे, याची जाणीवही त्याला असते.

१९७५ मध्ये जखमा खोट्या होत्या. २०१० मध्ये त्या खऱ्या झाल्या. जी दंतकथा सत्तेने रचली होती, तिच्यामागे आता एक घटना उभी करण्यात आली. याचा अर्थ असा की मूळ चित्रपटाने ज्या लबाडीचा पर्दाफाश केला, ती लबाडी पूर्वपटाने इतिहास म्हणून मान्य केली. २००८ च्या चित्रपटातील प्रेक्षक, जे पैसे भरून शर्यत पाहतात आणि मुखवट्यामागे एक अजिंक्य वीर आहे असे मानतात, ते आता फसवले गेलेले राहत नाहीत. निदान आरंभी तरी त्यांचे बरोबर होते, असे ठरते. उपहासाचा दात येथे पडतो.

ॲरिस्टॉटलने आरंभाची व्याख्या करताना म्हटले होते की ज्याच्या आधी काही असणे अनिवार्य नाही आणि ज्याच्यानंतर काही घडणे स्वाभाविक आहे, तो आरंभ. पूर्वपट या व्याख्येलाच हात घालतो. हा आरंभ नव्हताच, याच्याही आधी काही होते, असे तो म्हणतो. जेरार जनेत यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात मूळ संहितेला मागील बाजूने जोडल्या जाणाऱ्या पूर्तीचा स्वतंत्र प्रकार नोंदवला आहे. मूळ संहिता जेथे सुरू होते तेथपर्यंत कारणांची साखळी आणून भिडवणे, हे तिचे कार्य. कारणांची साखळी जोडली की व्यक्तिरेखा समजते, अशी समजूत त्यामागे असते. आणि समजली की तिच्याविषयी सहानुभूती वाटते. मराठी वाचकाला ही प्रक्रिया अनोळखी नाही. ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांनी कर्णाच्या जखमांचा पट सविस्तर मांडला आणि वाचकाने तो उराशी धरला. महाभारतात कर्णाचे दुःख आणि द्यूतसभेतील त्याचे वर्तन एकमेकांना न पुसता शेजारी उभे असतात. कादंबरीत पहिले दुसऱ्याचे कारण होऊ लागते, आणि कारण हळूहळू समर्थन होते. उगमाची कथा ही बहुधा वकिली असते. कर्णाला निदान वकिलाची गरज होती, कारण तो आरोपी होता. मुखवट्यावर आरोप कोणताच नव्हता.

५

येथवरचा युक्तिवाद पूर्वपटाविरुद्ध जातो. पण चाहत्याच्या मनाचा दुसरा अर्धा भाग अजून हिशेबात यायचा आहे, आणि तो सोडून दिला तर समीक्षा पुन्हा पहिल्या छावणीत जाऊन बसेल.

शेवट ठाऊक असलेली कथा पाहण्यात रस कसला, हा आक्षेप पूर्वपटावर नेहमी घेतला जातो. तो टिकणारा नाही. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो. रामकथेत पुढे काय होते या उत्सुकतेने कोणी जात नाही. अभिनवगुप्ताने रसाची जी सात विघ्ने सांगितली, त्यांत संभाव्यतेचा अभाव आहे, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या सुखदुःखात देशकालासह गुंतून पडणे आहे. शेवट आधी ठाऊक असणे हे विघ्न त्या यादीत नाही. उलट, पुढचे ठाऊक असल्यामुळेच कारुण्य दाटते. लुकस जगण्यासाठी धडपडतो तेव्हा चाहत्याला ठाऊक असते की मुखवट्यातला माणूस मुक्तीच्या एक पाऊल अलीकडे, निनावी, मरणार आहे. हे ज्ञान चित्रपटाने दिलेले नाही. ते चाहत्याने बरोबर आणले आहे. पूर्वपटाचा जो भाग सर्वांत हृद्य आहे, तो अशा रीतीने चाहत्याच्या स्मृतीत घडतो. नवख्या प्रेक्षकाला तेथे केवळ एक वेगवान मारधाडपट दिसेल.

आणि एका ठिकाणी पूर्वपट मूळ पटाच्या पुढे जातो. सप्टेंबर जोन्स (लॉरेन कोहन) ही एकेकाळची विश्वसुंदरी येथे कैद्यांच्या झुंजींचा कार्यक्रम सादर करते. ‘डेथ मॅच’ या नावाने दोन कैद्यांना एकमेकांवर सोडले जाते, घरोघरी पैसे भरून लोक ते पाहतात. मग झुंजी पुरेशा वाटेनाशा होतात. प्रेक्षकसंख्येचा आलेख वर न्यायचा तर नवे काही हवे. तेव्हा झुंजीला चाके जोडली जातात आणि शर्यत जन्मते. वेलँड (व्हिंग रेम्स) या उद्योगपतीपुढे ती हा प्रस्ताव ठेवते तेव्हा विषय नीतीचा नसतो, वर्गणीदारांचा असतो. २००८ च्या चित्रपटात ही व्यवस्था आयती उभी होती. ती कशी उभारली गेली, एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत क्रौर्य कसे वाढत गेले, हे २०१० चा चित्रपट दाखवतो. क्रौर्यामागे द्वेष नसून ओहोटीला लागलेली मागणी आहे, ही त्याची समज नेमकी आहे.

म्हणजे एकाच चित्रपटात दोन उगमकथा आहेत : एक माणसाची, दुसरी खेळाची. माणसाची उगमकथा मूळ आशय बुजवते. खेळाची उगमकथा तो उघडा करते. मुखवट्याला चेहरा देणे ही चूक होती, आणि बाजाराला चेहरा देणे हे कार्य होते. पहिलीसाठी चाहता नाराज आहे, दुसऱ्यासाठी कृतज्ञ आहे. त्याच्या भावना संमिश्र आहेत, कारण वस्तूच संमिश्र आहे.

६

राहता राहिला स्वस्तपणाचा आरोप. दक्षिण आफ्रिकेत, मूळ पटापेक्षा कितीतरी कमी खर्चात, स्टेथमविना काढलेला चित्रपट हा मुळातच दुय्यम, असे अभिजन छावणी सहज बोलून जाते. याला ‘डेथ रेस’ची वंशावळच उत्तर देते. कॉर्मन यांची सारी कारकीर्द स्वस्त चित्रपटांची होती. ‘डेथ रेस २०००’ मधील मोटारी नकली वाटतात, भविष्यकाळ पुठ्ठ्याचा वाटतो. तरी त्या चित्रपटात असे धाडस आहे की जे २००८ च्या महागड्या पुनर्निर्मितीला पेलले नाही. पादचाऱ्यांना चिरडण्याचे गुण मोजणारे राष्ट्र दाखवण्याऐवजी तिने मृत्यू कैद्यांपुरता मर्यादित केला, आणि प्रेक्षकाला अपराधापासून एका भिंतीइतके दूर ठेवले. स्वस्तपणा हा दोष नव्हे. कधीकधी तो स्वातंत्र्याची किंमत असतो.

परंतु १९७५ चा स्वस्तपणा आणि २०१० चा स्वस्तपणा एका जातीचे नाहीत. कॉर्मन यांच्या चित्रपटाला कोणाची आज्ञा पाळायची नव्हती; एका लघुकथेपलीकडे त्याला पूर्वज नव्हता. थेट व्हिडिओसाठी निघालेल्या पूर्वपटाला मात्र मालमत्ता सांभाळायची असते. युनिव्हर्सल या कंपनीने त्याच काळात आपल्या संग्रहातील नावांना मागील बाजूने फाटे फोडले : ‘कार्लिटोज वे’ (१९९३) या चित्रपटाचा पूर्वपट २००५ मध्ये, ‘स्कॉर्पियन किंग’चा (२००२) २००८ मध्ये, ‘डेथ रेस’चा २०१० मध्ये. यामागील कारण उघड आहे. मूळ पटातील तारा महाग झालेला असतो. उत्तरपटात त्याची अनुपस्थिती डोळ्यांत खुपते. भूतकाळात गेले की तीच व्यक्तिरेखा तरुण दाखवून दुसऱ्या नटाकडे देता येते, किंवा मूळ नायक अजून आलाच नाही असे म्हणता येते. पूर्वपट हा कथनाचा प्रकार म्हणून निवडला जात नाही. मानधनाच्या अडचणीवरचा तो उतारा असतो. नाव राहते, माणूस बदलतो.

नाव राहते आणि माणूस बदलतो, हेच तर फ्रँकेन्स्टाइनचे सूत्र आहे. हेनेसी मेलेल्या चालकाच्या जागी एम्सला बसवते, कारण प्रेक्षक मुखवट्याचे पैसे मोजतात. निर्मितिसंस्था स्टेथमच्या जागी गॉसला बसवते, कारण ग्राहक शीर्षकाचे पैसे मोजतात. ‘डेथ रेस’ हे नावच आता मुखवटा झाले आहे. पडद्यावर ज्या व्यवहाराचा उपहास चालला आहे, तोच व्यवहार वेष्टनावर चालू आहे. आणि डीव्हीडी घेणारा चाहता हा टर्मिनल आयलंडच्या वर्गणीदाराच्या खुर्चीत बसलेला आहे. चाहत्याला हे कळत नाही असे समजणे हा विद्वानांचा आवडता भ्रम आहे. त्याला ते कळते. म्हणूनच चित्रपट आवडला असे म्हणताना तो अडखळतो. संस्कृति-उद्योगाची मीमांसा त्याने वाचलेली नसेल, पण तिचा विषय कोण आहे हे त्याला नेमके ठाऊक असते.

७

मालिकेने पुढे जे केले ते या युक्तिवादाचा पुरावा ठरावे असे आहे. २०१३ मध्ये आलेल्या, याच दिग्दर्शकाच्या ‘डेथ रेस ३ : इन्फर्नो’ या दुसऱ्या पूर्वपटात शर्यत कालाहारीच्या वाळवंटात जाते. नाइल्स यॉर्क (डगरे स्कॉट) हा नवा मालक वेलँडकडून सारा धंदा हिसकावतो. अखेरीस लुकस निसटतो, आणि भाजून विद्रूप झालेला यॉर्क लुकस समजला जाऊन मुखवट्यात जाऊन पडतो. ज्याने माणसांना मुखवट्यात कोंबले त्याच्याच वाट्याला मुखवटा येतो. मुखवट्यात कोणीही असले तरी चालते, हे मूळ सत्य अशा रीतीने परत मिळवले गेले; पहिल्या पूर्वपटाने जो चेहरा दिला होता तो दुसऱ्याने काढून घेतला. आपण काय बिघडवले हे निर्मात्यांनाही उमगले होते, असे यावरून दिसते.

परंतु या दुरुस्तीची किंमत २००८ च्या आरंभदृश्याने मोजली. तेथे मुक्तीच्या उंबरठ्यावर मरणारा निनावी कैदी आता मागाहून यॉर्क ठरतो, म्हणजे अत्याचारी मालक. वर्षानुवर्षे ज्या मृत्यूसाठी चाहता हळहळला, तो मृत्यू न्याय्य शिक्षा होऊन बसतो. कॅरॅडाइनच्या आवाजाला, नटाच्या २००९ मधील निधनानंतर, दुसऱ्याचे चरित्र चिकटवले जाते. त्याची परवानगी घेणे शक्य नव्हते. प्रेक्षकाची घेणे कोणाला आवश्यक वाटले नाही. पूर्वपट नवा काही भाग जोडतो आणि जुन्याला धक्का लावत नाही, हा त्याच्या बाजूने नेहमी केला जाणारा बचाव येथे निकालात निघतो. मूळ चित्रपटातील एकही चौकट बदललेली नाही, आणि तरीही तो पूर्वीचा राहिलेला नाही. पुस्तक कपाटात तसेच आहे असे म्हणून वाचकाचे समाधान करता येत नाही. वाचक पुस्तक कपाटात वाचत नाही, स्मृतीत वाचतो. आणि पूर्वपट घुसतो तो तेथेच.

चाहत्यापुढे यातून काय उरते? पूर्वपट अस्तित्वातच नाही असे मानण्याचा मार्ग अनेकजण घेतात. तो प्रामाणिक नाही, कारण सप्टेंबर जोन्सची ती बैठक पाहिल्यानंतर २००८ चा तुरुंग अधिक खरा वाटू लागला, हे नाकारता येत नाही. सर्व काही स्वीकारण्याचा मार्गही खुला नाही, कारण मुखवट्याची पोकळी एकदा ऐकलेल्याला भरलेला ढोल ऐकवत नाही. तेव्हा उरते ते निवडक स्मरण : हे घ्यायचे, हे टाकायचे, आणि का, हे स्वतःला सांगायचे. या कृतीला दुसरे नाव समीक्षा असे आहे. संस्कृत परंपरेने ‘सहृदय’ या शब्दात एकरूप होण्याची क्षमता आणि पारखण्याची क्षमता एकत्र बांधली होती. त्यातली पहिली चाहत्याला आणि दुसरी प्राध्यापकाला अशी वाटणी नंतर कधीतरी झाली. जो प्रेम करतो त्याला पारखता येत नाही, असे धरून चालल्यामुळे जो पारखतो त्याने प्रेम करण्याची आवश्यकताही उरली नाही.

मराठी समीक्षेने लोकप्रिय कलाकृतींकडे वळले पाहिजे, हे आवाहन आता जुने झाले आहे, आणि ते पाळलेही जाऊ लागले आहे. मात्र वळताना ती एकतर तुच्छता घेऊन जाते किंवा उदारता. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : वस्तूने आपल्याला फसवावे किंवा दुखवावे इतकी जवळीक दोन्हींना नको असते. स्वस्तात काढलेल्या, चुकीचा आकडा छापलेल्या, अर्ध्या चुकलेल्या आणि अर्ध्या साधलेल्या एका चित्रपटाने दुखावला गेलेला चाहता या दोघांपेक्षा त्या चित्रपटाला अधिक जवळून ओळखतो. त्याला आपली तक्रार नीट मांडता येत नाही, हे खरे. ती मांडण्यासाठी लागणारी भाषा ज्यांच्यापाशी होती, त्यांनी चित्रपट पाहिला नाही.